टाळ्यांच्या जागी काय होतं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. खिशात मावणारा नव्हे. मला उचलायला दोन धडधाकट माणसं लागतात आणि त्यातलं एक तरी नंतर कंबर धरून बसतं. माझ्या अंगावर दोन मोठी चाकं आहेत. डाव्या चाकावरची तपकिरी फीत मधल्या हेडला, म्हणजे आवाज टिपणाऱ्या नि वाचणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला, घासून उजव्या चाकावर जाते आणि जाता जाता तिच्यावर साठवलेला आवाज बाहेर पडतो. एवढंच माझं काम. स्वतःचं असं एक अक्षर मला बोलता येत नाही. आज पहिल्यांदाच माझी गोष्ट सांगतो आहे, तेव्हा थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेवटच्या तपासणीच्या टेबलावर कानाला हेडफोन लावून एक बाई बसायची. प्रत्येक यंत्रावर ती आधी आपला आवाज भरायची आणि मग खोलीतली नुसती शांतता भरून ऐकायची. त्या शांततेत खरखर आली की यंत्राची रवानगी परत मागे. माझ्या वेळी तिनं डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचा मला आजही अभिमान वाटतो, उगाच खोटं कशाला बोलू?

तिथून माझी रवानगी झाली एका रेडिओ केंद्रात. तुम्हाला वाटेल, वा, कलावंतांचा सहवास! होता खरा. गाणारे येत, नाटकवाले येत, हवामान सांगणारे सद्गृहस्थ तर रोज येत आणि रोज चुकत. पण त्या केंद्रात एका गोष्टीची सगळ्यांना धास्ती होती. ती म्हणजे शांतता. कार्यक्रम चालू असताना चार श्वासांइतका वेळ जरी आवाज बंद पडला, तरी भिंतीवरचा लाल दिवा लागायचा आणि ज्याची पाळी असेल त्याची साहेबांपुढे हजेरी व्हायची. कोणी वक्ता बोलता बोलता विचारात पडला, कोणाला हुंदका आला, कोणी आठवायला थांबला, की ती जागा कापायची नाहीतर भरून काढायची. शांतता म्हणजे बिघाड, असं तिथे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवत.

हे कापायचं आणि भरायचं काम ज्याच्याकडे होतं त्याला सगळे कात्री म्हणत. नाव कात्री असलं तरी तो कापायचा ब्लेडनं. फीत बोटांत धरून तो तिरका काप द्यायचा, नको तो तुकडा काढायचा आणि दोन टोकं पांढऱ्या चिकटपट्टीनं जोडायचा. त्याच्या डोक्यावरच्या कपाटात तयार आवाजांच्या फिती होत्या. दार वाजणं, पाऊस, गर्दीचा गलका, टाळ्या. माणूस मनानं चांगला होता. माझी हेडं तो रोज पुसायचा आणि चहाचा कप कधी माझ्या डोक्यावर ठेवला नाही.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो.

त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष नदीकाठच्या वस्तीत भाषण करणार होते. शहर पुरापासून वाचवायचं तर नदीचं पात्र रुंद करायला हवं होतं, आणि पात्र रुंद करायचं तर काठावरची वस्ती उठायला हवी होती. हे सांगायला दुसऱ्या कोणाला न पाठवता ते स्वतः आले होते, एवढं मी त्यांच्या बाजूनं आधीच सांगून ठेवतो. मला गाडीत घालून तिथे नेलं आणि व्यासपीठाच्या फळ्यांखाली ठेवलं. वस्ती सखल होती. तिथे साचणारं पाणी उपसायला एक पंपाचं इंजिन सदानकदा चालू असायचं. धप धप, धप धप. ते माझ्या इतकं जवळ होतं की माझी फीत हलते की काय असं वाटत होतं.

राष्ट्राध्यक्षांनी कागदावरचं भाषण वाचलं. शहराचं भलं, नवी घरं, सरकारचा शब्द, सगळं झालं. मग ते म्हणाले, "तुम्हाला ही जागा सोडावी लागेल." आणि थांबले. भाषणाच्या त्या जागेवर टाळ्या पडतील अशी सगळ्यांची अटकळ होती.

एकही टाळी पडली नाही. समोर एवढी माणसं उभी होती, पण कोणी हललं नाही, कोणी ओरडलं नाही. नुसतं इंजिन चालू होतं. मी ती शांतता भरून घेत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. राष्ट्राध्यक्षांनी हातातला कागद खाली केला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो, तर मीही गप्प राहिलो असतो." मग पुन्हा कागद वर घेऊन त्यांनी उरलेलं भाषण वाचून संपवलं.

संध्याकाळच्या बातम्यांत ते भाषण जायचं होतं. केंद्राच्या साहेबांनी ते ऐकलं आणि घड्याळाकडे बघत कात्रीला म्हणाले, "एवढी मोठी गॅप? दिवा लागेल की रे. काढ ती आणि टाळ्या टाक."

"पण साहेब, ते मधलं वाक्य?" कात्रीनं विचारलं.

"टाळ्या टाकल्यावर त्या वाक्याला काही अर्थ राहतो का? तेही काढ."

मित्रांनो, यात कोणाचा कट नव्हता बरं का. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतून फोन आला नव्हता, कोणी धमकावलं नव्हतं. एका लाल दिव्याच्या भीतीनं हे सगळं झालं. कात्रीनं शांतता कापली, ते वाक्य कापलं आणि तयार टाळ्यांचा तुकडा मध्ये जोडला. तो तुकडा कुठला होता हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. कुत्र्यांच्या प्रदर्शनात एका गुबगुबीत कुत्र्याला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हाच्या त्या टाळ्या! कापलेली फीत केरात गेली आणि सकाळी झाडूवाल्यानं ती नेली.

पुढे नवी, हलकी यंत्रं आली आणि मी अडगळीत पडलो. माझ्यावर मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या. कित्येक वर्षं मी तसाच होतो. मग राष्ट्राध्यक्षांच्या नावानं चालणाऱ्या एका शाळेनं त्यांच्या भाषणाची फीत आठवण म्हणून मागितली. फीत द्यायची तर ती वाजवणारं यंत्रही द्यायला हवं, म्हणून मलाही तिच्यासोबत धाडलं. शाळेनं माझा चांगला थाट केला. काचेचं कपाट, वर मखमली कापड. दर वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या जन्मदिवशी मला सभागृहात नेत आणि भाषण लावत. 'तुम्हाला ही जागा सोडावी लागेल' हे वाक्य झालं आणि टाळ्या सुरू झाल्या, की सगळी शाळा त्यांच्यात आपल्या टाळ्या मिसळायची. तिथला तो रिवाजच होता. सगळ्यांत जोरात टाळ्या मुख्याध्यापकांच्या. लहानपणी त्यांनी राष्ट्राध्यक्षांना एकदा जवळून पाहिलं होतं आणि ते आठवून त्यांचे डोळे भरून यायचे. आणि मी आपला त्या कुत्र्याच्या टाळ्या वाजवत राहायचो. काय करणार?

त्या शाळेत इतिहास शिकवायला एक बाई होत्या. त्यांचं शिकवणं सरळ पुस्तकातून नसे. "पुस्तक म्हणजे कोणीतरी ऐकून लिहिलेलं," त्या म्हणायच्या. "आपण मुळाशी जाऊ." त्या काळची वर्तमानपत्रं, छायाचित्रं, छापील भाषणं अशी मूळ साधनं त्या मुलांच्या पुढ्यात ठेवायच्या आणि त्यांनाच शोधायला लावायच्या.

त्यांच्या वर्गात एक मुलगी होती. अंगानं काटकुळी आणि बोलायला टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. आईवडील कामासाठी दूरच्या गावी, त्यामुळे तिला वाढवलं आजीनं. तर झालं असं, की परीक्षेत प्रश्न आला, 'राष्ट्राध्यक्षांच्या नदीकाठच्या भाषणाला लोकांनी कसा प्रतिसाद दिला?' पुस्तकात उत्तर होतं, टाळ्यांचा कडकडाट. टाचणीनं लिहिलं, 'कोणीही टाळी वाजवली नाही. माझी आजी तिथे होती.'

ते वर्ष राष्ट्राध्यक्षांच्या जन्मशताब्दीचं होतं. मोठा कार्यक्रम ठरला होता, पाहुणे यायचे होते, मुलांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना बोलावणं गेलं होतं. ही उत्तरपत्रिका हिंडत हिंडत मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेली आणि त्यांचं डोकंच फिरलं. माझं कपाट त्यांच्या खोलीबाहेरच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"दर वर्षी या टाळ्या तू स्वतःच्या कानांनी ऐकतेस ना?"

"ऐकते सर."

"मग तुझी आजी खोटं बोलते."

"माझी आजी खोटं नाही बोलत," टाचणी म्हणाली. "तिला विसरायला होतं. पण खोटं नाही बोलत."

"कार्यक्रमात व्यासपीठावर यायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं, माझ्या आजीचं म्हणणं चुकीचं आहे, मी शब्द मागे घेते. मी लिहून देतो. नाहीतर या शाळेत तुला जागा नाही."

टाचणी बाहेर आली ती माझ्या काचेला टेकून उभी राहिली. हातात तो कागद होता. कार्यक्रमाला तिची आजी येणार होती, आणि पहिल्या रांगेत बसून नातीच्या तोंडून हे ऐकणार होती. मला काय वाटलं सांगू? माझ्याजवळ खरी गोष्ट होती आणि मला तोंड नव्हतं. यंत्राच्या जन्माला आल्याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. "सर, मला एक तास द्या. मूळ साधनं मुलांपुढे ठेवते. त्यातून जे निघेल ते मला मान्य."

"काय निघायचंय? टाळ्या निघतील," मुख्याध्यापक म्हणाले. "द्या तास. मीही बसणार."

मला वर्गात आणून ठेवलं. मुख्याध्यापक मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले आणि वर्गात एकदम चिडीचूप झालं. टेबलावर माझ्याशेजारी छापील भाषण आणि दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र होतं. छापील भाषणात टाळ्यांचा उल्लेख नव्हता, कारण ते आदल्या दिवशीच छापलं होतं. वर्तमानपत्रात मात्र टाळ्यांचा कडकडाट होता.

वर्गात एक मुलगी कायम पहिली यायची. तिला सगळे मेरिट म्हणत. तिचं आणि टाचणीचं हाडवैर. ती पटकन उठली. "बाई, पुस्तक आणि वर्तमानपत्र, दोन साक्षी झाल्या. तिसरी टेप. टाचणीची आजी एकटीच."

"वर्तमानपत्रातली पहिली ओळ वाच," बाई म्हणाल्या.

मेरिटनं वाचलं, "रेडिओवर ऐकलेल्या भाषणाचा वृत्तांत." आणि ती थांबली. "म्हणजे यांनी टेपच ऐकली. आणि पुस्तकवाल्यांनी वर्तमानपत्र वाचलं. म्हणजे... बाई, साक्ष एकच झाली."

"बस खाली. आता ती साक्ष तपासू. तीनदा ऐकायचं. पहिल्यांदा शब्द ऐका. दुसऱ्यांदा माणूस ऐका. तिसऱ्यांदा जागा ऐका."

पहिल्यांदा मी वाजलो. टाळ्या झाल्या. दोन-तीन मुलं फिदीफिदी हसली. टाचणीनं मान खाली घातली आणि मला फीत थांबवावीशी वाटली, पण ते माझ्या हातात कुठे होतं? दुसऱ्यांदा वाजलो. कोणीतरी म्हणालं, "टाळ्या मिळाल्यावर माणूस खुलतो ना बाई? यांचा आवाज तर पडलाय."

"हे तुमचं मत झालं," मागून मुख्याध्यापक म्हणाले. ते खोटं नव्हतं, म्हणून बाईंनी वाद न घालता फीत पुन्हा मागे घेतली.

तिसऱ्या वेळी मेरिट बाकावरून उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या जाळीला कान लावून बसली. टाचणीला खोटं पाडायचंच असा तिचा निश्चय होता, त्यामुळे इतकं मन लावून दुसरं कोणी ऐकतच नव्हतं. भाषण चाललं. टाळ्या आल्या, गेल्या. मेरिटचं बोट हवेत वर झालं.

"बाई, इंजिन."

"कसलं इंजिन?"

"मागे धप धप चालू आहे सारखं. टाळ्या आल्या की बंद पडतंय. टाळ्या संपल्या की परत चालू."

"टाळ्यांच्या आवाजात बुडत असेल," मुख्याध्यापक म्हणाले.

"सर, टाळ्या संपत येतात तिथे दोन-चार जणच वाजवत असतात. मधे मोकळी जागा आहे. तिथे तरी ऐकू यायला पाहिजे ना?" मेरिटचं तोंड उतरलं होतं. आपण कोणाच्या बाजूनं बोलतो आहोत हे तिच्या तेव्हा लक्षात आलं असावं. "पुन्हा लावा बाई."

बाईंनी फीत मागे घेतली आणि कळ दाबली. मित्रांनो, मला आतून कळलं होतं. तो जोड फार जुना झाला होता, डिंक वाळून भुगा झाला होता आणि एकाच तासात त्याच्यावरून इतक्यांदा मागे-पुढे गेलेलं त्याला सोसणार नव्हतं. 'तुम्हाला ही जागा सोडावी लागेल,' एवढं झालं आणि फीत सुटली. माझं उजवं चाक मोकाट सुटलं आणि फितीचं टोक फटफट आपटायला लागलं.

शाळेची ती एकुलती एक फीत होती. मुख्याध्यापक उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काय केलंत हे बाई?"

बाईंनी चाक हातानं थांबवलं. त्यांनी दोन्ही टोकं खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ बघितलं. "सर, जरा इकडे या. फीत तुटली की कड वेडीवाकडी होते. ही तुटलेली नाही. ही ब्लेडनं तिरकी कापलेली आहे, आणि ही पिवळी पडलेली चिकटपट्टी." मग त्यांनी फीत हळूच पुढे उलगडली. टाळ्या जिथे संपत होत्या तिथे तसाच दुसरा जोड निघाला.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते खुर्चीवर बसले. तो माणूस हट्टी होता, पण समोरचं दिसत असताना डोळे मिटणारा नव्हता. "टाळ्या बाहेरून आणून जोडल्यात. मान्य," ते शेवटी म्हणाले. "पण म्हणून तिथे कोणी टाळ्या वाजवल्याच नाहीत, हे कुठे सिद्ध होतं? खऱ्या टाळ्या नीट भरल्या गेल्या नसतील, म्हणून बदलल्या असतील."

सगळा वर्ग बाईंकडे बघत होता. टाचणी तर पापणी न हलवता बघत होती.

"बरोबर आहे सर," बाई म्हणाल्या. "फीत एवढंच सांगते. त्यापुढचं नाही सांगत."

टाचणीचे डोळे डबडबले. बाईंनी आपली बाजू सोडली असंच तिला वाटलं. मला बाईंचा राग आला, आणि त्या चुकीचं बोलत नव्हत्या म्हणून आणखी राग आला.

"एक साक्षीदार अजून तपासायचा राहिलाय," बाई पुढे म्हणाल्या. "तिची आजी. कार्यक्रमात त्यांनाच विचारू. प्रश्न मेरिट विचारेल, म्हणजे कोणी सांभाळून घेतलं असं व्हायला नको. आणि टाचणी, घरी एक शब्द बोलायचा नाही. फीत, जोड, इंजिन, काही नाही. आपण पढवलं तर त्यांच्या साक्षीला किंमत राहणार नाही. जमेल?"

टाचणीनं मान डोलावली. "विचारा. पण आजींना सांगता आलं नाही, तर तो कागद वाचायचा," मुख्याध्यापक म्हणाले, म्हणून माफीचा कागद तिच्या दप्तरातच राहिला.

बाईंनी फीत नव्या पट्टीनं जोडली. टाळ्यांचा तुकडा काढून टाका असं काही मुलं म्हणाली, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. "आधीच एकदा कोणीतरी यात हात घातलाय. आपण नको." मधल्या दिवसांत टाचणी सुट्टीत माझ्या कपाटाशी येऊन बसायची. एकदा मेरिट डबा घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली. "आजी रोज विचारते, शाळेत काय झालं," टाचणी तिला म्हणाली. "पोटात दुखतंय म्हणून सांगते आणि तोंडावर पांघरूण घेते. मेरिट, ती इंजिन विसरली असेल तर?" मेरिटनं नुसता डबा पुढे केला.

कार्यक्रमाचा दिवस आला. सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत टाचणीची आजी, चापूनचोपून नेसलेली, नात व्यासपीठावर जाणार म्हणून खुशीत. टाचणी पडद्याशी उभी होती आणि तो कागद तिनं मुठीत इतका आवळला होता की त्याचा बोळा झाला होता. पाहुण्यांची भाषणं झाली. मग दर वर्षीप्रमाणे मला लावलं.

'तुम्हाला ही जागा सोडावी लागेल.' टाळ्या सुरू झाल्या. लहान वर्गातल्या मुलांनी सवयीनं टाळ्या धरल्या. टाचणीचा वर्ग मात्र हात मांडीवर ठेवून बसला. मुख्याध्यापकांचे हात वर आले, अर्ध्यात थांबले आणि खाली गेले. ते बघून लहान मुलंही गोंधळून थांबली. एवढ्या मोठ्या सभागृहात मी एकटाच टाळ्या वाजवत राहिलो, आणि सांगायलाही लाज वाटते, फार पोकळ वाटल्या त्या.

"अगं बाई," पहिल्या रांगेतून आजी मोठ्यानं म्हणाली, "हे कधी झालं?"

कोणीतरी हसलं. मुख्याध्यापकांनी तिला आधार देऊन व्यासपीठावर आणलं, खुर्ची दिली. बाईंनी माझी चाकं बदलली, कोरी फीत चढवली, आजीपुढे माइक ठेवला आणि भरायची कळ दाबली. कितीतरी वर्षांनी माझ्यावर काही भरलं जात होतं. माझ्या अंगावर काटाच आला म्हणा ना.

मेरिटनं घसा खाकरला. "आजी, तुम्ही भाषणाला कुठे उभ्या होतात?"

"पुढेच की. कडेवर हिचा बाप, हातात बादली. मला पाण्याला जायचं होतं. म्हटलं ऐकून जाऊ." मग तिची गाडी भलत्याच रुळावर गेली. पोराला ताप होता, बादलीचा कान तुटका होता, राष्ट्राध्यक्षांचा कोट काळा होता. खरं तर तो काळा नव्हता, करडा होता. छायाचित्रात करडा दिसतो, हे मेरिटला ठाऊक होतं. तिनं मुख्याध्यापकांकडे बघितलं. त्यांच्याही ते लक्षात आलं होतं.

"ते म्हणाले जागा सोडावी लागेल. मग लोकांनी काय केलं?"

"काय करणार? गप्प उभे राहिले. टाळ्या कसल्या वाजवतात? रिकामे हात कुणाचे होते?"

"तेव्हा काय ऐकू येत होतं?"

"काही नाही. अगदी शांत होतं सगळं."

माझी फीत फिरत होती. पडद्याशी टाचणीनं डोळे मिटले. काही नाही, म्हणजे इंजिनही नाही. मुख्याध्यापक पुढे झुकले. "आजी, नीट आठवा. काहीच आवाज नव्हता?"

आजी थांबली. सभागृहात कुठेतरी खुर्ची करकरली. आजी आपल्या हातांकडे बघत होती. केंद्रात असतो तर केव्हाच दिवा लागला असता. बाईंचं बोट थांबवायच्या कळेवर होतं, पण त्यांनी ती दाबली नाही. मेरिटनं दुसरा प्रश्न टाकला नाही. कोणी आजीला सुचवलं नाही. थांबू दिलं तिला.

"आता इंजिन काय ते," आजी म्हणाली. "पाणी उपसायचं. त्याला कोणी आवाज म्हणतं का हो मास्तर? रात्रंदिवस चालूच असायचं ते. बंद पडलं असतं तर झोप उडाली असती आमची. धप धप, धप धप. तेवढंच होतं. आणि मग तेच म्हणाले बिचारे, तुमच्या जागी मी असतो, तर मीही असाच गप्प उभा राहिलो असतो."

मित्रांनो, 'असाच' आणि 'उभा' हे शब्द तिचे. ते राष्ट्राध्यक्षांनी म्हटले नव्हते. कोटाचा रंगही चुकला होता. बाकी सगळं तसंच होतं.

मुख्याध्यापकांनी हळू आवाजात विचारलं, "ते असं म्हणाले?"

"म्हणाले. मी त्या माणसावर कधी राग धरला नाही, तो त्या एका वाक्यामुळे. तुमच्या पुस्तकात नाही का ते?"

"नाही," मुख्याध्यापक म्हणाले. ते उठले, पडद्यापाशी गेले आणि टाचणीपुढे हात पसरला. तिनं मुठीतला बोळा त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यांनी आपल्या कोटाच्या खिशात टाकला. "जा, आजीजवळ बस."

टाचणी धावत गेली आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून रडायला लागली. "अगं, झालं काय तुला? पोट दुखतंय का अजून?" आजी विचारत होती. सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही. सगळे नुसते बसून होते आणि मी ते सगळं भरून घेत होतो.

मी आता पुन्हा काचेच्या कपाटात असतो. माझी हेडं पुसा, चाकांना तेल द्या, मला ऊन लागू देऊ नका, हे तर मी सांगेनच, माझा तो हक्क आहे. पण खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरातलं कोणी जुनं काही सांगता सांगता मध्येच थांबलं, तर ती जागा भरून काढायची घाई करू नका. तिथेच बसून राहा.